मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यासाठी शिक्षकांचा गट कसा चालवावा

एखादा विद्यार्थी मागे पडतो आहे हे शाळेत बहुधा सर्वांनाच ठाऊक असते, परंतु प्रत्येकाला त्या गोष्टीचा एकेकच तुकडा ठाऊक असतो. भाषेच्या शिक्षिकेला त्याचे अडखळत वाचणे दिसते, गणिताच्या शिक्षकांना कोरी वही दिसते, क्रीडाशिक्षक त्याला संघातला सर्वांत चपळ गडी म्हणून ओळखतात, आणि रात्री उशिरापर्यंत गृहपाठ घेऊन बसून तो अखेरीस रडतो हे फक्त त्याच्या आईला माहीत असते. हे तुकडे कोणी एकत्र मांडत नाही, म्हणून शिक्षक-कक्षात ‘तो लक्षच देत नाही’ असे एक वाक्य रुळते आणि पुढे वर्षभर तेच त्याचे निदान म्हणून चालते.

मार्च १८९६ मध्ये फिलाडेल्फियातील एका शिक्षिकेने आपल्या १४ वर्षांच्या विद्यार्थ्याला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लाइटनर विटमर यांच्याकडे नेले. मुलाचे शुद्धलेखन कितीही सराव केला तरी सुधारत नव्हते. विटमर यांनी तपासले तेव्हा त्याच्या डोळ्यांत दोष आढळला. चष्मा दिल्यानंतरही त्याला निराळ्या पद्धतीने शिकवावे लागले, कारण एवढ्या वर्षांचा मागे राहिलेला अभ्यास चष्म्याने भरून निघणार नव्हता. अशा प्रकारच्या कामासाठीचे पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय याच प्रकरणातून उभे राहिले. यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की ती शिक्षिका आपल्यापुरता निष्कर्ष काढून थांबली नाही. जे आपल्याला उमगत नाही ते पाहू शकणाऱ्या माणसाकडे ती गेली.

शाळेतील गटाकडून एकच अपेक्षा ठेवावी: पुढील ६ आठवड्यांत शाळेतील मोठी माणसे या मुलासाठी काय वेगळे करणार, हे गटाने लेखी ठरवावे. मुलाचे वर्णन कितीही अचूक झाले, तरी त्यातून कोणाच्याही उद्याच्या तासिकेत काही बदलणार नसेल तर बैठक वाया गेली असे समजावे.

गटात कोण असावे

पाच-सहा माणसांपेक्षा मोठा गट करू नये. वर्गशिक्षक, ज्या विषयात अडचण आहे त्या विषयाचे शिक्षक, शाळेत असल्यास विशेष शिक्षक किंवा समुपदेशक, पालक, आणि वेळापत्रक बदलण्याचा अधिकार असलेली एक व्यक्ती, म्हणजे मुख्याध्यापक किंवा पर्यवेक्षक. या शेवटच्या व्यक्तीशिवाय बैठक घेणे मी सोडून दिले आहे. दररोज २० मिनिटे वेगळे वाचन घ्यावे असे सर्वांनी एकमताने ठरवायचे, आणि दुसऱ्या दिवशी कळायचे की त्या वेळी ना खोली मोकळी आहे ना शिक्षक, हा अनुभव दोनदा आला की उत्साही शिक्षकही अशा बैठकांना कागदी घोडे म्हणू लागतात. छोट्या शाळेत गट तिघांचाही चालतो. विशेष शिक्षक नसेल तर शाळेतला जो शिक्षक वाचन शिकवण्यात हातखंडा समजला जातो त्याला बोलवावे. पदापेक्षा या कामातले कसब अधिक उपयोगी पडते.

एकाला समन्वयक नेमावे. तारखा ठरवणे, माहिती आधी गोळा करणे, इतिवृत्त लिहिणे आणि ठरलेले घडते आहे का ते पाहणे हे त्याचे काम. हे काम वर्गशिक्षकाकडे देऊ नये, कारण प्रत्यक्ष उपायांचा बहुतेक भार आधीच त्याच्यावर येणार असतो.

बैठकीपूर्वी कागद तयार हवा

बैठक फसते ती बहुधा बैठकीच्या आधीच. माहिती हाताशी नसली की माणसे आठवणींवर बोलतात, आणि आठवणीत राहतो तो सर्वांत ताजा किंवा सर्वांत चीड आणणारा प्रसंग. म्हणून समन्वयकाने निदान एक आठवडा आधी एका पानावर मावेल एवढी माहिती जमवावी: गेल्या तीन महिन्यांची हजेरी, त्यात ठरावीक वारांची अनुपस्थिती आहे का ते, गेल्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तके, मुलाने स्वतः लिहिलेल्या वहीची दोन-तीन पाने, घरात बोलली जाणारी भाषा, आणि दृष्टी व श्रवण यांची शेवटची तपासणी केव्हा झाली ती तारीख. विटमर यांच्याकडे आलेला मुलगा या शेवटच्या रकान्यात अडकला होता. शेवटच्या बाकावर बसणारे, फळ्यावरचे उतरवताना शेजाऱ्याच्या वहीत पाहणारे मूल कॉपी करत असेलच असे नाही. त्याला कदाचित फळा दिसत नसेल.

वहीचे पान कोणत्याही गुणपत्रिकेपेक्षा अधिक सांगते, हे एका उदाहरणाने दाखवतो. एका मुलीने ५०२ मधून १७८ वजा करून ४७६ असे उत्तर लिहिले होते. लाल शाईने फुली मारून ‘काळजीपूर्वक सोडव’ असा शेरा दिलेला होता. पण ते उत्तर निष्काळजीपणाचे नव्हतेच. एककाच्या स्तंभात ८ मधून २ वजा करून ६, दशकाच्या स्तंभात ७ मधून शून्य वजा करून ७, आणि शतकाच्या स्तंभात ५ मधून १ वजा करून ४: प्रत्येक स्तंभात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा हा नियम तिने अतिशय काळजीपूर्वक पाळला होता. वरच्या ओळीतला अंक लहान असेल तर शेजारून हातचा घ्यावा लागतो, हेच तिच्या मनात उतरलेले नव्हते. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ मध्येच दाखवून दिले होते की मुलांच्या वजाबाकीतील अनेक चुका अशा नियमबद्ध असतात, आणि तो चुकीचा नियम सापडला की पुढची चूकही आधी सांगता येते. अशा मुलीला वजाबाकीची आणखी ५० उदाहरणे दिली तर ती आपला चुकीचा नियम ५० वेळा पक्का करील. तिला दहा-दहा काड्यांचे गठ्ठे हातात देऊन एक गठ्ठा सोडून दाखवण्याची गरज आहे, आणि ते काम दोन तासिकांचे आहे.

वाचनाच्या बाबतीतही असाच भेद आधी करून घ्यावा. फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेली मांडणी येथे फार कामाची आहे: वाचून समजणे हे दोन गोष्टींच्या गुणाकारासारखे असते, एक लिपी उलगडणे आणि दुसरी ऐकलेली भाषा समजणे. गुणाकार म्हटल्यामुळे दोहोंपैकी एक जरी शून्याच्या जवळ असली तरी उत्तर शून्याच्या जवळच राहते. शाळेत याची परीक्षा करायला पाच-दहा मिनिटे पुरतात. एक उतारा मुलाला स्वतः वाचायला द्यावा आणि चार प्रश्न विचारावेत. दुसरा, तितकाच अवघड उतारा आपण वाचून दाखवावा आणि पुन्हा चार प्रश्न विचारावेत. ऐकून नीट उत्तरे देणारे मूल वाचताना गडबडत असेल, ‘विद्यार्थी’ हा शब्द ‘विदयारथी’ असा फोडून म्हणत असेल, ‘राष्ट्र’ आला की थांबून अंदाजाने भलताच शब्द घेत असेल, तर त्याचे काम जोडाक्षरांवर आणि अक्षर-ध्वनीच्या जोडीवर आहे. ऐकूनही उत्तरे येत नसतील, तर प्रश्न शब्दसंग्रहाचा, घरच्या व शाळेच्या भाषेतील अंतराचा किंवा क्वचित श्रवणाचा असू शकतो, आणि त्याला जोडाक्षरांच्या कार्डांनी काही साधणार नाही.

वर्तनाची तक्रार असेल तर प्रसंगांची नोंद पाच दिवस ठेवावी: त्याआधी काय घडले, मुलाने काय केले, त्यानंतर त्याच्या वाट्याला काय आले. तिसरा रकाना बहुतेक जण कोरा ठेवतात, आणि कोडे बहुधा तेथेच सुटते. इतिहासाच्या तासाला दर दुसऱ्या दिवशी दंगा करून वर्गाबाहेर उभा राहणाऱ्या एका मुलाची नोंद अशीच मांडली तेव्हा दिसले, की दंगा नेमका प्रकट वाचनाची पाळी त्याच्या बाकापर्यंत येण्याच्या थोडा वेळ आधी सुरू होतो. बाहेर उभे राहणे ही शिक्षकांच्या लेखी शिक्षा होती; मुलाच्या लेखी ती सुटका होती. सर्वांसमोर अडखळण्यापेक्षा खोडकर ठरणे त्याला परवडत होते, आणि आपण रोज त्याला ती सवलत देत होतो.

बैठकीची चाळीस मिनिटे

पहिली पाच मिनिटे मुलाला काय येते, काय आवडते आणि कोणत्या तासाला तो नीट काम करतो यासाठी राखून ठेवावीत. हे पालकांना बरे वाटावे म्हणून करायचे नसते. चित्रकलेच्या तासाला तो सलग अर्धा तास एकाग्र राहत असेल तर ‘लक्षच देत नाही’ हे विधान तेथेच बाद होते, आणि चर्चा योग्य वाटेला लागते.

नंतरची दहा मिनिटे जमवलेल्या पानासाठी. यानंतर अडचण एका वाक्यात लिहावी, आणि ते वाक्य असे असावे की दोन अनोळखी शिक्षकांनी वर्गात बसून मोजले तर दोघांचे उत्तर सारखे येईल. ‘आळशी आहे’, ‘बेशिस्त आहे’, ‘पाया कच्चा आहे’ ही वाक्ये या कसोटीवर टिकत नाहीत. ‘गेल्या ३ आठवड्यांत दिलेल्या १५ गृहपाठांपैकी ४ पूर्ण झाले, ते चारही तोंडी सूचनेबरोबर फळ्यावर लिहून दिलेले होते’ हे वाक्य टिकते, आणि त्याच्या दुसऱ्या भागात उपायाचा धागाही मिळतो. ज्या मुलाबद्दल सात तक्रारी आहेत त्याच्यासाठीही एका फेरीत एक किंवा फार तर दोन अडचणी घ्याव्यात. कोणती निवडावी याचा माझा ठोकताळा असा: जी सुटली असता इतर काही आपोआप हलक्या होतील ती. वाचन आणि हजेरी या दोन गोष्टी बहुतेक वेळा याच कारणाने आधी येतात.

कारणांच्या चर्चेत गट हमखास घरंगळतो तो घराकडे. घरी वडिलांचे लक्ष नाही, मोबाइल फार पाहतो, लाडावलेला आहे. त्यातले काही खरेही असते. तरी बैठक चालवणाऱ्याने एक नियम ठेवावा: ज्या कारणावर या खोलीतले कोणी काही करू शकत नाही ते इतिवृत्तात एका ओळीत नोंदवावे आणि पुढे जावे. शिकवण्याची पद्धत, बसण्याची जागा, कामाची लांबी, सरावाचा वेळ, सूचना देण्याची रीत, मुलाशी कोण कसे बोलते, ही कारणे आपल्या हातात आहेत आणि पुढचा वेळ त्यांनाच द्यावा.

उरलेली पंधरा-वीस मिनिटे योजनेची. इतिवृत्तातील प्रत्येक ओळीत काय करायचे, कोण करणार, कोणत्या वारी व कोणत्या तासिकेत, आणि परिणाम कशाने मोजायचा, या चारही गोष्टी आल्या पाहिजेत. ‘जादा लक्ष द्यावे’ ही ओळ खोडून टाकावी. ‘सर्व शिक्षकांनी सहकार्य करावे’ हीसुद्धा, कारण जे सर्वांचे काम असते ते कोणाच्याच वेळापत्रकात बसत नाही. पुढच्या बैठकीची तारीख उठण्यापूर्वी ठरवावी. ‘नंतर कळवू’ असे म्हटलेली बैठक मी आजवर झालेली पाहिलेली नाही.

योजना किती मोठी असावी

आठवड्यातून ४ दिवस, दर वेळी २० ते २५ मिनिटे, सारख्याच अडचणीच्या तिघा-चौघांचा गट, आणि असे ६ आठवडे, म्हणजे एकूण २४ तासिका: वाचन किंवा गणितातील एका कौशल्यासाठी हे प्रमाण सुरुवातीला पुरेसे असते व शाळेला पेलवतेही. मात्र या तासिकेत वर्गात झालेला धडाच पुन्हा, अधिक हळू आणि अधिक मोठ्या आवाजात शिकवला तर उपयोग होत नाही. ज्या पायरीवर मूल अडले आहे ती पायरी, मग ती दोन इयत्ता खालची का असेना, तेथून सुरुवात करावी, शिक्षकाने आधी करून दाखवावे, मग दोघांनी मिळून करावे, मग मुलाने एकट्याने करावे, आणि चूक झाली त्याच क्षणी ती दुरुस्त व्हावी.

ही तासिका कोणत्या वेळी घ्यायची याचा निर्णय वरवर किरकोळ दिसतो, पण योजना तरते की बुडते ते यावर ठरते. चित्रकला, संगीत किंवा खेळाच्या तासातून मुलाला उचलू नये. दिवसभरात ज्या एका जागी त्याला आपण कोणीतरी आहोत असे वाटते तीच काढून घेतली, तर वाचनाच्या तासिकेबद्दल त्याच्या मनात राग बसतो, आणि तो राग योग्यच असतो.

विषयशिक्षकांसाठी वेगळे अर्धे पान असावे, आणि त्यावर तीनच गोष्टी असाव्यात. गृहपाठ फळ्यावर लिहावा आणि तास संपण्यापूर्वी मुलाने तो उतरवला आहे का ते पाहावे. प्रकट वाचन अचानक सांगू नये. आदल्या दिवशी परिच्छेद दाखवून ठेवावा, म्हणजे तो घरून सराव करून येईल आणि वर्गासमोर न अडखळता चार ओळी वाचील. वर उल्लेखलेल्या इतिहासाच्या तासाला एवढाच बदल केला गेला, आणि दंग्याची नोंदवही जवळजवळ कोरी राहू लागली. तिसरी गोष्ट मुलागणिक वेगळी असेल: कोणाला पुढचा बाक, कोणाला लेखी परीक्षेबरोबर तोंडी उत्तराची संधी, कोणाला दहाऐवजी पाच उदाहरणे. तीनपेक्षा अधिक सूचना दिल्या तर सहा शिक्षक सहा वेगवेगळ्या सूचना पाळतील.

वर्तन किंवा हजेरीसाठी रोजचे कार्ड चांगले चालते. मुलाने शाळेत आल्यावर एका ठरलेल्या शिक्षकाला दोन मिनिटे भेटायचे, दिवसाची एक-दोन उद्दिष्टे असलेले कार्ड घ्यायचे, प्रत्येक तासाला त्या शिक्षकाने शून्य, एक किंवा दोन गुण लिहायचे, आणि घरी जाण्यापूर्वी पुन्हा त्याच शिक्षकाला कार्ड दाखवायचे. कार्डापेक्षा सकाळची ती दोन मिनिटे अधिक काम करतात, म्हणून तेथे मुलाला मनापासून आवडणारी व्यक्ती नेमावी, मग ती ग्रंथपाल असो वा प्रयोगशाळा साहाय्यक. कार्ड हे घरी मार खाण्याचे साधन होणार असेल तर ते घरी पाठवू नये. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवावी: जे मूल लोकांचे लक्ष टाळण्यासाठी गडबड करते, त्याला दिवसभर सर्वांच्या नजरेत ठेवणारे हे कार्ड उलटे पडू शकते. त्यासाठीच आधीची पाच दिवसांची नोंद.

मोजमाप

स्टॅन्ली डेनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिनेसोटा विद्यापीठात १९७० च्या दशकापासून एक साधी पद्धत विकसित केली, जी आजही यापेक्षा सोपी करता आलेली नाही. मुलाने त्याच्या इयत्तेच्या पातळीचा अनोळखी उतारा एक मिनिट मोठ्याने वाचायचा आणि शिक्षकाने अचूक वाचलेले शब्द मोजायचे. सुरुवातीला तीन उतारे घेऊन मधली संख्या धरावी. म्हणजे ३४, ३८ आणि ४५ आले तर ३८. त्यानंतर आठवड्याला एकदा, शक्यतो एकाच वारी, एक उतारा.

इंग्रजीसाठी तयार केलेले शब्दसंख्येचे तक्ते मराठीला लावू नयेत, कारण मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येतात आणि ‘शाळेतल्यासारखे’ हा एकच शब्द मोजला जातो. त्याऐवजी आपल्याच वर्गातील दहा-बारा मुलांचे वाचन मोजून मधला आकडा काढावा, आणि मागे पडलेल्या मुलाचे उद्दिष्ट त्या आकड्याकडे नेणारे पण आवाक्यातले ठेवावे. मूल ३८ वर असेल आणि ६ आठवड्यांत ५० चे उद्दिष्ट असेल, तर आठवड्याला २ शब्दांची वाढ हवी. आलेखाच्या कागदावर ३८ पासून ५० पर्यंत एक रेघ ओढावी आणि दर आठवड्याचा ठिपका द्यावा. लागोपाठ चार ठिपके रेघेखाली पडले तर सहा आठवडे पूर्ण होण्याची वाट न पाहता योजना बदलावी; लागोपाठ चार वर पडले तर उद्दिष्ट वाढवावे. हा आलेख मुलाने स्वतः भरावा. आपली रेघ वर जाताना पाहण्याचा आनंद त्याला बहुधा प्रथमच मिळत असतो.

योजना फसली असे म्हणण्यापूर्वी आणखी एक आकडा पाहावा, आणि तो मोठ्या माणसांचा असतो. ठरलेल्या २४ तासिकांपैकी प्रत्यक्षात किती झाल्या? सुट्ट्या, परीक्षा, स्नेहसंमेलनाचा सराव, शिक्षकांची रजा हे वगळून ११ च झाल्या असतील, तर उपाय निष्फळ ठरला असे म्हणता येत नाही; तो अजून करूनच पाहिलेला नाही. समन्वयकाने दर आठवड्याला यासाठी केवळ बरोबर-चूक अशी खूण करत जावे. माझ्या अनुभवात फसलेल्या निम्म्याहून अधिक योजनांचे कारण या खुणांमध्ये सापडले.

पालक आणि स्वतः विद्यार्थी

पालकांना बैठकीला बोलावण्याचा निरोप नुसता चिठ्ठीने जाऊ नये. शाळेतून बोलावणे म्हणजे तक्रार, असे बहुतेक पालकांनी वर्षानुवर्षे अनुभवलेले असते. वर्गशिक्षकाने फोन करून मुलाबद्दल एक चांगली गोष्ट आधी सांगावी, बैठक कशासाठी आहे आणि कोण असणार आहे ते सांगावे, आणि तीन प्रश्नांचा विचार करून येण्यास सुचवावे: तो घरी काय आवडीने करतो, अभ्यासाला बसल्यावर नेमका केव्हा अडतो, आणि पूर्वी कोणत्या गोष्टीचा उपयोग झाला होता. टेबलाच्या एका बाजूला पाच शिक्षक आणि समोर एकटी आई अशी मांडणी टाळावी; तिला वर्गशिक्षकाशेजारी बसवावे आणि दोघांच्या मध्ये वही उघडून ठेवावी. पालकांकडून घरच्या एकाच कामाची अपेक्षा करावी, दहा मिनिटांचे आणि त्यांना खरोखर जमण्यासारखे. जे पालक स्वतः वाचू शकत नाहीत त्यांनी मुलाचे वाचन ऐकत बसणे हेही काम आहे.

पाचवी-सहावीपासून पुढच्या मुलाला निदान शेवटची दहा मिनिटे बैठकीत बसवावे आणि पहिला प्रश्न त्यालाच विचारावा. ‘तुला काय जड जाते?’ या प्रश्नाला सहसा उत्तर मिळत नाही. ‘कालच्या दिवसात कोणता तास सर्वांत लांब वाटला?’ याला मिळते.

गोपनीयतेविषयी मी थोडा कठोर आहे, आणि त्याला कारण आहे. मी पूर्वी काम करत असलेल्या एका शाळेत बैठकीत निघालेली घरगुती गोष्ट दोन दिवसांत मधल्या सुट्टीतल्या गप्पांमधून त्या मुलीच्या कानावर गेली. तिने पुढे आमच्यापैकी कोणाशीही मोकळेपणाने बोलणे बंद केले, आणि त्या वर्षी केलेली कोणतीही योजना तिच्यापर्यंत पोहोचली नाही. तेव्हापासून इतिवृत्तात घराविषयी योजनेला लागेल तेवढेच लिहितो, फाइल कुलपात ठेवतो, आणि ज्या विषयशिक्षकांना फक्त अर्ध्या पानाची गरज आहे त्यांना अर्धेच पान देतो. तसेच ‘डिस्लेक्सिया’ (वाचन-लेखनातील अक्षमता), ‘एडीएचडी’ (अवधानाची कमतरता व अतिचंचलता) असे शब्द शिक्षकांनी निदान म्हणून उच्चारू नयेत. आपण काय पाहिले, किती वेळा आणि कोठे, हे सांगणे आपले काम. नाव देणे त्या विषयातील प्रशिक्षित तज्ज्ञाचे.

सहा आठवड्यांनंतर

प्रगती झाली असेल तर मदत एकदम बंद करू नये. चाराच्या दोन तासिका कराव्यात, तीन आठवडे आलेख पाहावा, मग एक. प्रगती अपुरी असेल तर गट लहान करावा, वेळ वाढवावा किंवा अडचणीचा अंदाजच पुन्हा तपासावा. पण या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बदलल्या तर कशाचा गुण आला ते कळत नाही. दोन फेऱ्या नीट पार पडूनही रेघ सपाट राहिली तर तज्ज्ञांकडून सविस्तर मूल्यमापन करून घ्यावे आणि दोन्ही फेऱ्यांचे आलेख सोबत पाठवावेत, कारण तज्ज्ञाला एका भेटीत जे दिसणार नाही ते त्यात असते.

अशी पायऱ्यापायऱ्यांची मदत अनेक देशांच्या व्यवस्थेत आली आहे. फिनलंडने २०११ मध्ये सामान्य, वाढीव आणि विशेष असे साहाय्याचे तीन स्तर कायद्याने आणले होते; २०२५ मध्ये तेथे ही रचना बदलली. अमेरिकेत २००४ च्या कायद्याने, अध्ययन अक्षमता ठरवताना बुद्ध्यंक आणि संपादणूक (अभ्यासातील प्रत्यक्ष कामगिरी) यांतील तफावतीची अट घालण्यास राज्यांना मनाई केली, आणि दिलेल्या मदतीला मूल कसा प्रतिसाद देते हे पाहण्याची मुभा दिली. जुन्या रीतीत ती तफावत पुरेशी मोठी होईपर्यंत मुलाला नापास होत राहावे लागे. परंतु नव्या रीतीलाही एक खोट निघाली: आधी आमच्या पायऱ्या पूर्ण होऊ द्या, असे सांगून काही शाळा मूल्यमापन लांबणीवर टाकू लागल्या, आणि २०११ मध्ये तेथील शिक्षण विभागाला असे करता येणार नाही, हे लेखी बजावावे लागले. पालकांनी मूल्यमापनाची मागणी केली तर आपल्या सहा आठवड्यांची ढाल पुढे करू नये.

काही गोष्टी मुळात या रांगेत बसतच नाहीत. मुलाने जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलणे, अंगावर न समजणाऱ्या खुणा, आधी येत असलेले अचानक येईनासे होणे, बोलता बोलता काही क्षण हरवल्यासारखे होणे, ऐकू न येण्याची शंका: यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी मुख्याध्यापक, समुपदेशक आणि परिस्थितीनुसार पालक किंवा बालसंरक्षणाची जबाबदारी असलेली यंत्रणा यांना कळवावे.

गटाने वर्षातून दोनदा सर्व नावे एकत्र ठेवूनही पाहावीत. ३५ मुलांच्या एका वर्गातील १२ मुले वाचनासाठी आली असतील, तर बारा योजना करू नयेत. त्या वर्गात रोजचे वाचन कसे शिकवले जाते तेच पाहावे लागेल. हे शिक्षकाला न दुखावता सांगणे सर्वांत अवघड असते, आणि ते बैठकीत न सांगता मुख्याध्यापकांनी त्या शिक्षकाच्या वर्गात काही दिवस बसून, मग एकट्याशी बोलून सांगावे.

शेवटचे काम वर्षअखेरचे आहे आणि तेच सर्वाधिक वेळा राहून जाते. मूल वरच्या वर्गात जाते, वर्गशिक्षक बदलतो, आणि वर्षभराचे शहाणपण कपाटातल्या फाइलमध्ये पडून राहते. म्हणून नवे वर्ष सुरू होण्यापूर्वी जुन्या वर्गशिक्षकाने नव्या वर्गशिक्षकाला समोरासमोर दहा मिनिटे भेटावे आणि हाती एक पान द्यावे. त्यात निदाने किंवा स्वभाववर्णन नको. आलेखाचा शेवटचा आकडा, ज्या दोन गोष्टींचा गुण आला त्या, ज्या एका गोष्टीने बिघडले ती, आणि वर्गात शिरल्यावर पहिल्याच दिवशी लागणारी बारीकसारीक माहिती असावी: प्रकट वाचन आदल्या दिवशी सांगून ठेवावे, डाव्या हाताने लिहितो म्हणून बाकाच्या डाव्या टोकाला बसवावे, आणि चष्मा दप्तरातच राहतो, तो काढायला सांगावे लागते.